डग्लस घराण्याचा तक्ता: तलवारी वीतभर, सनद गायब

सोलापुरात नवी पेठेतल्या एका पुस्तकांच्या दुकानात स्कॉटलंडच्या डग्लस घराण्याची मराठी वंशावळ मिळते. दोन बाय तीन फूट, लॅमिनेट केलेली, 280 रुपये. वर्गात लावायला चांगली, पण आधी हातात मार्कर घ्यावा लागेल.

सर जेम्स डग्लसचा भाग नेटका आहे. वडिलांची जहागीर इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने क्लिफर्ड या इंग्रज सरदाराच्या घशात घातली, म्हणून 1306 मध्ये जेम्स स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसला जाऊन मिळाला. 1314 मध्ये रॉक्सबरोचा किल्ला घेतला. ब्रूसच्या मृत्यूनंतर त्याचे हृदय घेऊन निघाला आणि 1330 मध्ये स्पेनमध्ये तेबाजवळ धारातीर्थी पडला. त्याच्या ढालीवर मात्र लाल हृदय छापलंय. ते घराण्याच्या चिन्हात आलं त्याच्या मृत्यूनंतर, आणि वरचा मुकुट तर फारच पुढे.

खरी गफलत 1388 ची. ऑटरबर्नच्या लढाईत डग्लसचा दुसरा अर्ल (अर्ल म्हणजे मोठ्या सरदाराचा किताब) औरस वारस न ठेवता पडला. तक्त्यातली रेघ त्याच्यापासून सरळ तिसऱ्या अर्लकडे, आर्चिबाल्डकडे उतरते. मुलेच काय, कुणालाही तो त्याचा मुलगा वाटेल. तो होता सर जेम्सचा अनौरस मुलगा, म्हणजे दुसऱ्या अर्लच्या बापाचा चुलतभाऊ. जहागिरीचे वारस ठरवणाऱ्या 1342 च्या सनदेत त्याचं नाव होतं, म्हणून डग्लसची जमीन त्याला मिळाली. दुसऱ्या अर्लचा मेहुणा माल्कम ड्रमंड दावा लावून बसला होता, तो त्या सनदेपुढे टिकला नाही. तक्त्यात तिचा उल्लेखच नाही! गंमत म्हणजे अँगसच्या शाखेचा अनौरस जॉर्ज तुटक रेघेने बरोबर दाखवलाय.

आर्चिबाल्डने घराणं वाढवलं ते बरंचसं कागदांवर: लग्नातून बॉथवेलची जहागीर, 1369 मध्ये राजाकडून पूर्व गॅलोवे, 1372 मध्ये 500 पौंडांना विग्टनची अर्लकी विकत. तक्त्यात तलवारी वीतभर काढल्यात, आणि हे सगळं तळाशी मुंगीएवढ्या टायपात.

दुरुस्ती अशी: दुसऱ्या अर्लकडून उतरणारी रेघ काट मारून बाद करा, सर जेम्सपासून आर्चिबाल्डपर्यंत तुटक रेघ ओढा, शेजारी '1342 सनद' लिहा. स्केचपेन लॅमिनेशनवर पुसला जातो, परमनंट मार्करच हवा.

डबल टेपवर भरवसा ठेवू नका. सोलापुरी उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत तापली की गोंद सुटतो आणि तक्ता खाली येतो. वर-खाली लाकडी पट्ट्या ठोकून, दोरीने टांगा.