अलाइक: आठ मिनिटांत रोजचा कंटाळा दाखवणारी शॉर्टफिल्म

पुण्यात शॉर्टफिल्म करायची म्हणणारं कुणीही भेटलं की मी सध्या एकच सांगतोय, आधी 'अलाइक' बघा आणि मग कॅमेरा हातात घ्या. स्पेनची ॲनिमेशन फिल्म आहे, २०१५ ची, डॅनियल मार्टिनेझ लारा आणि राफा कानो मेंडेझ या दोघांनी केलेली, जेमतेम आठ मिनिटांची, यूट्यूबवर फुकट आहे. २०१६ ला गोया, म्हणजे स्पेनचा मोठा फिल्म पुरस्कार, मिळालाय. आणि केलीय ब्लेंडरवर, म्हणजे कुणालाही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, हे आपल्याकडच्या पोरांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. संवाद नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

गोष्ट एवढीशीच आहे. बापाचं नाव कॉपी, मुलाचं पेस्ट. सकाळी पोराच्या पाठीवर त्याला न पेलणारं दप्तर, मग रस्ता, शाळा, बापाचं ऑफिस, संध्याकाळी दोघांची भेट आणि घर. वाटेत एका झाडाखाली एक माणूस व्हायोलिन वाजवत असतो, पोराचा पाय तिथून निघत नाही आणि बाप त्याला ओढत शाळेत नेतो. शेवट सांगत नाही.

खरी कमाल रंगांची आहे. शहर राखाडी, माणसं राखाडी, पण बाप निळा आणि पोरगा केशरी. ऑफिसात टाइप करता करता बापाचा निळा रंग हळूहळू उतरत जातो, इतका की दिवस संपेपर्यंत तो बाकीच्यांसारखाच दिसायला लागतो, आणि संध्याकाळी पोरगं पळत येऊन बिलगलं की रंग परत येतो. हे एकदा कळलं ना, की पुढे काहीही समजावून सांगावं लागत नाही. वहीत अक्षरं गिरवायच्या जागी पेस्ट ते झाड आणि व्हायोलिनवाला काढतो, बापाला ते पटत नाही, आणि मग आपण पोराच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या केशरी रंगाकडे बघायला लागतो, आता हापण उतरणार का म्हणून. पोटात कालवतं अक्षरशः.

आपल्याकडे हिंजवडीच्या आयटीतल्या नोकरीचा कंटाळा दाखवायचा म्हटलं की शॉट ठरलेले असतात. गजर, बेसिनपुढे ब्रश, भूमकर चौकातलं ट्रॅफिक, लॅपटॉप, आणि सगळ्यावर ब्लॅक अँड व्हाइटचा फिल्टर. पहिल्या फ्रेमपासून रंगच नसेल तर माणसाचं काय गेलं ते बघणाऱ्याला कळणार कसं? आधी रंग द्या, त्याची सवय होऊ द्या, मग काढा. 'अलाइक' नेमकं हेच करते.

दुसरी गोष्ट एडिटिंगची. पहिला दिवस सावकाश दाखवलाय, पुढचे दिवस भराभर, आणि तीच तीच ठिकाणं परत येत राहतात. रोज सगळं तेच असतं म्हणून जे थोडंसं बदललंय ते लगेच डोळ्यात भरतं. त्यामुळे कंटाळा त्यांचा दिसतो, आपल्याला मात्र येत नाही, आणि हे जमवणं फार अवघड आहे. खऱ्या माणसांना घेऊन शूट करणाऱ्यांनाही हे जमू शकतं, त्यासाठी ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागा खडूने मार्क करून ठेवायच्या, लेन्स तीच, उंची तीच, उजेडाची वेळ तीच, आणि प्रत्येक दिवसाच्या शॉटमध्ये एकच वस्तू बदलायची. खर्च काही नाही, चिकाटी मात्र लागते.

खटकलं ते पण सांगतो. शाळा आणि ऑफिस म्हणजे सगळं वाईट आणि कला म्हणजे सगळं चांगलं, इतकं सोपं नसतं ते. अक्षरं शिकवणारी एखादी चांगली बाई आपल्यातल्या बहुतेकांच्या शाळेत होती की, तिच्यासाठी या गोष्टीत जागाच ठेवलेली नाही. आणि शेवटी संगीत जरा जास्तच डोळ्यात पाणी काढायला बघतं, चित्रं एवढी बोलतायत तर त्याची गरज नव्हती.

तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मोबाईलवर बघू नका, रंग उतरतानाच्या मधल्या छटा बारीक आहेत, टीव्हीवर लावा आणि खोलीतले दिवे घालवा. लहान मुलं असतील तर सोबत बसवा, त्यांना आपल्याआधी कळते. आणि लगेच दुसऱ्यांदा लावून आवाज बंद करून फक्त बापाच्या रंगाकडे बघत बसा, कुठल्या शॉटला तो उतरतो आणि कुठल्या शॉटला परत येतो ते कागदावर लिहून काढलंत तर तुमच्या पुढच्या फिल्मचं निम्मं शॉट डिव्हिजन, म्हणजे कुठला शॉट कुठे याची आखणी, तिथेच सुटेल.