एक्सेलचा सॉल्व्हर: एलपीपीसाठी मस्त टूल, पण आधी आलेख काढा

एक्सेलमध्ये सॉल्व्हर (दिलेल्या अटींत सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारं टूल) असतोच, फक्त चालू केलेला नसतो, त्यामुळे वर्षानुवर्षं एक्सेल वापरणाऱ्यांनाही तो कधी दिसलेला नसतो. फाईल, मग ऑप्शन्स, मग ॲड-इन्स, तिथं खाली 'गो' दाबून सॉल्व्हर ॲड-इनवर टिक केली की डेटा टॅबमध्ये उजवीकडे बटण येतं. वेगळे पैसे नाहीत. फ्रंटलाइन सिस्टिम्स नावाच्या कंपनीनं बनवलेलं टूल आहे आणि लिनियर प्रोग्रॅमिंगची गणितं (एलपीपी, म्हणजे सरळ रेषेच्या अटींत राहून नफ्यासारखं काही जास्तीत जास्त किंवा कमीत कमी करायचं) करणाऱ्या प्रत्येकाला मी ते मनापासून सुचवते, फक्त त्याआधी दोन व्हेरिएबलचं एक तरी गणित आलेखावर सोडवा, नाहीतर सॉल्व्हर जे सांगतो त्यातलं अर्धंच कळतं.

उदाहरणच घेऊ. दोन प्रकारच्या बॅगा बनवायच्यात. मोठीला मशीनवर २ तास लागतात, छोटीला १, आणि फिनिशिंगला दोन्हींना १-१ तास. मशीनचे १०० तास आहेत, फिनिशिंगचे ७०. नफा मोठीवर ५० आणि छोटीवर ४०. मोठ्या बॅगा क्ष आणि छोट्या य धरल्या तर ५०क्ष + ४०य जास्तीत जास्त करायचं, आणि अटी अशा की २क्ष + य ≤ १००, क्ष + य ≤ ७०, क्ष आणि य ऋण नकोत.

आलेखावर दोन रेषा मारल्या की चार कोपऱ्यांचा भाग मिळतो, (०,०), (५०,०), (३०,४०) आणि (०,७०). नफा काढून बघा, ०, २५००, ३१००, २८००. झालं, ३० मोठ्या आणि ४० छोट्या. हे कागदावर पाच मिनिटांचं काम आहे, पण जिओजेब्रा या आलेख काढायच्या ॲपमध्ये केलं तर जास्त मजा येते, कारण तिथं सगळ्या अटी 'आणि' च्या चिन्हानं जोडून एकाच ओळीत टाकता येतात आणि मग फक्त चालणारा भागच रंगतो, प्रत्येक अट वेगळी टाकली तर रंगांवर रंग चढून काही म्हणजे काही कळत नाही. त्यावर ५०क्ष + ४०य = के अशी रेषा टाका आणि के ला स्लायडर लावा. स्लायडर सरकवला की रेषा स्वतःला समांतर वर वर जाते आणि के ३१०० झाला की त्या भागाला शेवटचा स्पर्श करते, तो नेमका (३०,४०) वर. एकदा हे डोळ्यानं बघितलं की उत्तर कोपऱ्यावरच का मिळतं हे पाठ करावं लागत नाही.

आता सॉल्व्हर. शीटमध्ये क्ष आणि य साठी दोन सेल रिकाम्या ठेवायच्या, नफ्याच्या सेलमध्ये समप्रॉडक्ट (आकड्यांच्या जोड्या गुणून बेरीज करणारं फंक्शन), प्रत्येक अटीच्या डाव्या बाजूलाही समप्रॉडक्ट, आणि १०० व ७० शेजारच्या कॉलममध्ये. मग सॉल्व्हरमध्ये ऑब्जेक्टिव्ह सेल, बदलायच्या सेल आणि कन्स्ट्रेंट म्हणजे अटी द्यायच्या. कन्स्ट्रेंट एकेक टाकायची गरज नाही, अख्खा कॉलम ≤ अख्खा कॉलम असं एकदाच देता येतं, हे मला फार आवडतं. व्हेरिएबल ऋण नकोत त्याची टिक आधीच मारलेली असते.

एक गोष्ट मात्र नक्की बदला. सॉल्व्हिंग मेथड आपोआप जीआरजी नॉनलिनियर वर असते, ती सिम्प्लेक्स एलपी वर आणायची. छोट्या गणितात उत्तर दोन्हीकडे सारखंच येईल, पण सिम्प्लेक्स निवडला की सॉल्व्हर मॉडेल लिनियर आहे का ते तपासतो आणि कुठं इफ, मॅक्स असलं फंक्शन घुसलं असेल तर बहुतेक वेळा तिथंच सांगतो. शिवाय ही मेथड म्हणजे १९४७ मध्ये जॉर्ज डान्झिग या गणितज्ञानं मांडलेलीच, कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्यावर जात नफा वाढवत नेणारी. आपलं गणित हातानं सिम्प्लेक्सनं केलं तर (०,०) वरून (५०,०) आणि तिथून (३०,४०), आलेखाच्या कडेवरून चालत गेल्यासारखं. आलेख काढलेला असेल तर सिम्प्लेक्सचं हातानं टेबल भरणं अचानक अर्थपूर्ण वाटायला लागतं.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते, सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, म्हणजे आकडे थोडे बदलले तर उत्तराचं काय होईल ते सांगणारा तक्ता. उत्तर आल्यावर जो बॉक्स येतो त्यात उजवीकडे रिपोर्टची नावं असतात, बहुतेक लोक तिकडे न बघता ओके करतात. प्लीज असं करू नका. आपल्या गणितात रिपोर्ट सांगतो की फिनिशिंगची शॅडो प्राइस ३० आणि मशीनची १०. म्हणजे फिनिशिंगचा एक तास जास्त मिळाला तर नफा ३० नं वाढेल. पटत नसेल तर आलेखावर ७० ऐवजी ७१ ची रेषा मारा, कोपरा सरकून (२९,४२) होतो आणि नफा ३१३०. शेजारी लिहिलेलं असतं की ही किंमत आणखी ३० तासांपर्यंतच खरी, का तर १०० तासांवर तो कोपरा उभ्या अक्षाला जाऊन टेकतो, त्यापुढं मोठ्या बॅगा शून्यच. मोठ्या बॅगेचा नफा ४० ते ८० मध्ये कुठंही असला तरी प्लॅन ३० आणि ४० हाच राहतो, हेही तिथंच दिसतं, आणि आलेखावर तो रेषेचा तिरकेपणा आहे, ८० च्या पुढं गेला की रेषा (५०,०) वर जाऊन बसते. नुसता आकड्यांचा तक्ता बघून हे कुणाला समजेल असं मला वाटत नाही, आलेख शेजारी ठेवून बघितलं तर प्रत्येक आकडा कुठून आला ते दिसतं.

सॉल्व्हर जे सांगत नाही तेही आलेख सांगतो. दोन्ही बॅगांवर ४०-४० नफा धरा, आता (३०,४०) पासून (०,७०) पर्यंतच्या अख्ख्या कडेवर नफा २८००. सॉल्व्हर त्यातलं एकच उत्तर देऊन मोकळा होतो, दुसरी आहेत हे सरळ बोलत नाही, फक्त रिपोर्टमध्ये वाढ किंवा घटीच्या कॉलममध्ये शून्य दिसतं. त्या शून्याकडे लक्ष ठेवा.

कमतरता आहेत. शीटमधले आकडे बदलले तरी उत्तर आपोआप बदलत नाही, परत सॉल्व्ह दाबावं लागतं. मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये सॉल्व्हर नाही. एक्सेलच्या स्वतःच्या चार्टमध्ये रेषा काढता येतात, पण अटींचा भाग रंगवायला फारच खटपट करावी लागते, म्हणून मी जिओजेब्रा सुचवला. बॅगा पूर्ण संख्येतच हव्यात म्हणून इंटिजरची अट टाकली की सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मिळत नाही, आणि ऑप्शन्समध्ये इंटिजर ऑप्टिमॅलिटी १ टक्का असते ती शून्य करा, नाहीतर सॉल्व्हर सगळ्यात चांगल्या उत्तराच्या थोडं अलीकडेच थांबू शकतो.

एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये टूल्सखाली सॉल्व्हर आहे, फुकट आहे आणि लिनियर गणितांना पुरतो, ऑप्शन्समध्ये ऋण नकोची टिक आहे का तेवढं बघून घ्या. आणि एक्सेलच्या सॉल्व्हरला २०० व्हेरिएबलची मर्यादा आहे, शिकताना ती कधी आडवी येत नाही, पण खऱ्या वाहतुकीच्या किंवा वेळापत्रकाच्या मॉडेलमध्ये पटकन येते, तेव्हा ओपनसॉल्व्हर नावाचं फुकट ॲड-इन घाला, तुमचं तेच शीट त्यात चालतं.