पऱ्हाटीच्या पेलेटचा व्यवसाय आणि खरेदीच्या हमीचा कागद

कळमेश्वर तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे आणि कापूस निघाल्यावर उपटलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडे, धुऱ्यावर पेटवून देणे ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये नागपुरातील एका विक्रेत्याने या पऱ्हाटीपासून पेलेट, म्हणजे भुगा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, तयार करण्याचे यंत्र देण्याची आणि तयार झालेला सर्व माल स्वतःच विकत घेण्याची हमी दिली, तेव्हा मला ती पटली. त्याने दाखवलेला सरकारी कागद खरा होता. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवइंधन मिसळावे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाचे ऑक्टोबर २०२१ चे धोरण तेव्हा लागू होते, आणि कोराडी व खापरखेडा ही केंद्रे तर आमच्यापासून फार दूरही नाहीत. खोटा होता तो त्या कागदाला जोडलेला हिशेब.

एक टन पऱ्हाटीतून नऊशे किलो पेलेट निघतील, असे त्यात लिहिले होते. ताज्या उपटलेल्या पऱ्हाटीत जवळपास निम्मे पाणी असते, आणि पेलेटमध्ये ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. म्हणजे एका टनातून फार तर ५५५ किलो माल मिळतो आणि ४४५ किलो पाणी उडवावे लागते. त्याची वाफ करायलाच किलोमागे सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि दरपत्रकात वाळवणी यंत्राचा उल्लेखही नव्हता. हे गणित शाळेतल्या पोराने केले असते. बारा लाख रुपये मोजताना मी केले नाही.

बुटीबोरीच्या शेडमध्ये प्रात्यक्षिक दाखवले गेले, तेव्हा यंत्रात कोरडा लाकडी भुसा पडत होता. त्यावर मी काही विचारले नाही, आणि माझी स्वतःची दोन पोती पऱ्हाटी सोबत नेण्याचेही सुचले नाही. भुसा एकसारखा व स्वच्छ असतो. पऱ्हाटीच्या मुळांना मात्र माती चिकटलेली असते, तिने राख वाढते आणि यंत्राची डाय, म्हणजे पेलेट पाडणारा छिद्रांचा साचा, झिजते. आमची पहिली डाय दोन महिन्यांतच गेली.

तरीही उन्हात नीट वाळवून, मुळे छाटून मी तीन वेळा माल पाठवला. करारानुसार तपासणी विक्रेता ठरवील त्याच प्रयोगशाळेत व्हायची होती आणि तीनदा माल नाकारला गेल्यास माझी तीन लाखांची अनामत जप्त होणार होती. हे कलम मी वाचले होते, पण नमुना कोणासमोर काढायचा आणि त्याचा अर्धा भाग मोहोरबंद करून माझ्याकडे ठेवायचा की नाही, याबद्दल करारात अक्षरही नव्हते. तिसऱ्या अहवालात राख १९ टक्के दाखवली होती. एवढी राख धानाच्या तणसात निघते. छाटलेल्या, झटकलेल्या पऱ्हाटीत नाही. तो नमुना माझा नव्हता, असे माझे मत आहे, पण ते सिद्ध करण्यासाठी माझ्याजवळ मूठभर पेलेटही उरले नव्हते.

ग्राहक आयोगाकडे जाण्यापूर्वी वकिलांनी आणखी एक अडचण दाखवली. २०१९ च्या कायद्यानुसार व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच यंत्र घेतले, हे दाखवता आले तरच सूट मिळते. माझ्या देयकावर विक्रेत्याने आग्रहाने एका भागीदारी संस्थेचे नाव घातले होते. ते का, हे तेव्हा कळले.

गेल्या महिन्यात काटोलकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. तोच करार त्यालाही देऊ केला होता, आणि यशस्वी प्रकल्प म्हणून जे छायाचित्र दाखवले होते, ते माझ्या शेडचे होते.