विमानाआधी भूक लागली तर: दहा रुपयांचा चहा, दुकानातला पुडा की घरचा डबा?

विमानतळावर खिसा न कापता पोट भरायचं, तर देशांतर्गत प्रवाशाला तीन वाटा आहेत.

सगळ्यात स्वस्त उडान यात्री कॅफे, म्हणजे विमानतळावरचं सरकारी योजनेतलं उपाहारगृह. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला सुरू झालं, मग चेन्नई, अहमदाबाद, पुण्यालाही आलं. चहा १०, पाण्याची बाटली १०, समोसा २०, कॉफी २०. म्हणजे ३० रुपयांत चहा-समोसा. पदार्थ मात्र मोजकेच. शिवाय कॅफे सुरक्षा तपासणीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आत शिरतानाच विचारा. अलीकडे असेल तर एकदा तपासणी पार केल्यावर परत फिरणं जिवावर येतं.

दुसरी वाट दुकानाची. इथे लोक उगाच भाव मुकाट्याने मान्य करतात. बिस्किटांचा पुडा, चिक्की, बाटलीबंद पाणी यांवर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त पैसे दुकानदाराला घेता येत नाहीत, मग ते विमानतळावर का असेना. एकाच मालाला जागा बघून दोन एमआरपी छापायलाही १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. मेख इतकीच, की हॉटेल-रेस्टॉरंटला ही मर्यादा लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. त्यामुळे तीच बाटली टेबल-खुर्च्या मांडलेल्या ठिकाणी महाग पडू शकते. तेव्हा घ्यायचं ते दुकानातल्या फळीवरून, पुडा उलटा करून, किमतीबरोबर वजनही वाचून. महागडा सुकामेवा छोट्या पाकिटात घालून समोरच मांडलेला असतो, त्याला हात लावू नका. बिलात जास्त लावले तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

घरचा डबा मला दोन्हींपेक्षा सरस वाटतो. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी हे बिनदिक्कत न्यावं. तेलाचं लोणचं आणि सुकं खोबरं घरीच ठेवा. खोबरं पेट घेणारं म्हणून अडवतात.

मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर डबाच. ऑफिसातून थेट निघालात तर कॅफे. पहाटेच्या विमानाला डबा करणं जमलं नसेल, तर दुकानातून एक चिक्की पुरे. पाणी विकत घ्यायचं कारण नाही: रिकामी बाटली न्या, आतल्या नळावर भरा.