लिग्नोकेन २ टक्के, ३० मिलीची कुपी: द्राक्षगर्भाच्या रुग्णासाठी कितपत उपयोगी?

१९४८ पासून वापरात असलेल्या लिग्नोकेन या जागा बधिर करणाऱ्या औषधाची नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. परंतु द्राक्षगर्भ (गर्भाशयात द्राक्षांच्या घडासारखे फोड वाढणारी विकृत गर्भधारणा) सक्शनने काढताना ते कितपत साथ देते, याचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो.

गर्भाशय लहान असेल, रक्तस्राव बेताचा असेल आणि रुग्णाला पुरेसा धीर दिलेला असेल, तर गर्भाशयमुखाच्या बाजूंना दिलेले हे इंजेक्शन समाधानकारक काम करते. मुख रुंदावतानाची वेदना त्याने बरीच कमी होते; मात्र गर्भाशयाच्या वरच्या भागातील संवेदना वेगळ्या मज्जातंतूंवाटे जात असल्यामुळे, सक्शनच्या अखेरीस गर्भाशय आकसताना येणारी कळ रुग्णाला जाणवतेच आणि तिच्यासाठी शिरेतून वेदनाशामक द्यावे लागते. याउलट सेव्होफ्लुरेनसारख्या हुंगवून दिल्या जाणाऱ्या भुलेने गर्भाशय सैल पडून रक्तस्राव वाढू शकतो, तसे लिग्नोकेनने होत नाही, आणि या आजारात हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मात्रेबाबत ही कुपी फसवी आहे. तिच्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम औषध असते, तर ५० किलो वजनाच्या स्त्रीसाठी किलोमागे ४.५ मिलिग्रॅम या हिशेबाने मर्यादा २२५ मिलिग्रॅमची, म्हणजे जेमतेम ११ मिलीची. म्हणून १० मिली औषधात तेवढेच सलाइन मिसळून १ टक्क्याचे द्रावण करावे, आणि प्रत्येक वेळी सुई रक्तवाहिनीत नाही याची खात्री करूनच ते सोडावे.

अ‍ॅड्रेनालिनयुक्त कुपी मात्र येथे टाळावी, कारण द्राक्षगर्भात अतोनात वाढलेले एचसीजी हे गर्भारपणातील संप्रेरक थायरॉइडला चेतवते आणि आधीच धडधडणाऱ्या हृदयावर आणखी ताण पडतो. या दोन्ही कुप्या एकाच कप्प्यात ठेवण्याची आपल्याकडची सवय मला मुळीच पटत नाही.

गर्भाशय १६ आठवड्यांहून मोठे असेल, रक्तस्राव जोरात असेल, थायरॉइड आटोक्यात नसेल किंवा धाप लागत असेल, तर केवळ या कुपीवर विसंबणे योग्य नाही. तेथे रक्ताची सोय करून, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली संपूर्ण भूल देणेच बहुधा सुरक्षित ठरते. परिरक्षक असलेली बहुमात्रा कुपी मणक्यातील भुलेसाठी चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

किंमत व उपलब्धता यांबाबत तक्रारीला जागा नाही. द्राक्षगर्भापुरते मी या औषधाला पाचपैकी तीन गुण देईन, तेही औषध रक्तात जाऊन विषबाधा झाल्यास लागणारे २० टक्के लिपिड इमल्शन त्याच खोलीत ठेवलेले असेल तरच.