मसाला, लोणचं, भडंग जहाजाने: एलसीएलचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीत आमचा घरगुती पदार्थांचा छोटा उद्योग आहे. कांदा-लसूण मसाला, हळद, कैरीचं लोणचं, उडदाचे पापड, भडंग, आणि दिवाळीला चकली. न्यू जर्सीतल्या आणि दुबईतल्या दुकानदारांना आधी सगळं विमानाने जायचं. गेले काही महिने माल न्हावा शेवाहून जहाजाने जातोय. अख्खा कंटेनर भरण्याइतका माल आमच्याकडे नसतो, म्हणून एलसीएल, म्हणजे अनेकांचा माल एकाच कंटेनरमध्ये. आमच्याकडच्या वडापसारखं आहे ते: भरल्याशिवाय हलत नाही आणि शेजारी कोण बसणार ते आपण ठरवत नाही.

पैसे वाचतात का? वाचतात, पण कशावर, ते बघायला हवं. विमानात एक घनमीटर खोक्यांचं वजन कमीत कमी १६७ किलो धरतात. प्रत्यक्ष वजन त्याहून जास्त भरलं तर जास्तीच्या वजनाचे पैसे. जहाजात एक घनमीटरला १००० किलोपर्यंत एकच दर. लोणच्याच्या बरण्या आणि मसाल्याची पाकिटं एवढ्या जागेत चार-पाचशे किलो सहज बसतात. विमानात त्यातला किलो न् किलो मोजून घेतात, जहाजात जागेपुरतं भाडं. म्हणजे जड आणि गच्च माल जहाजाचा. भडंगाच्या पाकिटात निम्मी हवा, तिचंही भाडं भरायचं. वर ते सादळणार.

फॉरवर्डरकडून, म्हणजे जहाजात जागा घेऊन माल पाठवून देणाऱ्या एजंटकडून, येणारा दर बघून हुरळून जाऊ नये. इकडचं समुद्रभाडं कधी कधी इतकं कमी सांगतात की हा माणूस कमावतो कुठे असा प्रश्न पडतो. तो तिकडे, माल उतरतो त्या टोकाला कमावतो. कंटेनर उघडणं, माल वेगळा करणं, गोदाम, कागदपत्रं, असं सगळं मिळून बिल माल घेणाऱ्याच्या हातात पडतं. आमच्या न्यू जर्सीच्या दुकानदाराचा पहिल्याच खेपेला फोन आला: "दादा, भाड्यापेक्षा इथलंच बिल मोठं आहे!" तेव्हापासून दोन्ही टोकांचा खर्च लेखी आल्याशिवाय आम्ही बुकिंग करत नाही. लेखी मागितलं की निम्मे फॉरवर्डर उत्तरच देत नाहीत. निवड आपोआप होते.

आता खरी डोकेदुखी, ओल आणि उष्णता. दिवाळीचा माल न्यू जर्सीच्या दुकानात वेळेत लागायचा तर तो श्रावणातच खोक्यात भरावा लागतो. सांगलीत पाऊस, उरणच्या सीएफएसमध्ये (जिथे अनेकांचा माल कंटेनरमध्ये भरतात ते गोदाम) पाऊस, आणि त्याच कुंद हवेसकट कंटेनरचं दार बंद होतं. समुद्रावर दिवसा पत्रा तापतो, रात्री गार पडतो, आतली वाफ छताला लागून थेंब थेंब खाली येते. पुठ्ठा ओलसर झाला की त्याचा जोर जातो आणि खालची खोकी बसतात. आम्ही सात पदरी खोकी घेतो, आत जाड प्लास्टिकची पिशवी आणि ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पुड्या. पॅलेटवर, म्हणजे माल उचलायच्या चौकटीवर, खोकी एकावर एक, कोपऱ्याला कोपरा जुळवून रचतो. विटांच्या बांधकामासारखी आडवी-उभी रचली तर पॅलेट घट्ट दिसतं, पण खोक्याचा सगळा जोर त्याच्या कोपऱ्यांत असतो आणि तो वाया जातो. लाकडी पॅलेट असेल तर कीड मारायला ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याचा किंवा धुरी दिल्याचा शिक्का त्यावर हवाच. प्लास्टिकच्या पॅलेटला ती कटकट नाही.

लोणच्याच्या बरणीला झाकणाखाली फॉइलचं सील हवं. तेल तापून फुगतं आणि नुसत्या आट्यांमधून पाझरतं. वर विमा कंपनी म्हणते, साधी गळती पॉलिसीत नाही. खरंच नसते. सगळ्यात व्यापक, 'ए' वर्गाच्या सागरी विम्यातही साधी गळती, अपुरं पॅकिंग आणि उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. चकली उशिरामुळे खवट झाली तर तो तोटा आपलाच.

शेजाऱ्याचं सांगायचं राहिलं. एका खेपेत कंटेनरमध्ये अगरबत्तीचा माल होता. पापडांची पाकिटं शाबूत, खोकी कोरडी, पण पापड भाजला की देवघराचा वास. सगळी खोकी बाजूला काढावी लागली. आता फक्त खाद्यपदार्थांचाच कंटेनर मिळत असेल तर आठवडाभर थांबतो, थोडे जास्त पैसेही देतो. शेजाऱ्याचा आणखी एक ताप म्हणजे त्याचा माल तपासणीला अडकला की अख्खा कंटेनर अडकतो.

अमेरिकेची कागदपत्रं आयईसी (आयात-निर्यातीचा क्रमांक), एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचा परवाना), स्पायसेस बोर्ड या इकडच्या नोंदणीवर संपत नाहीत. कारखान्याची तिकडच्या एफडीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाकडे, नोंदणी लागते. ती दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नव्याने करायची, म्हणजे ऐन दिवाळीच्या धांदलीत. जहाज पोचण्याआधी किमान आठ तास एफडीएला पूर्वसूचना द्यायची. १ जानेवारी २०२३ पासून तीळ तिथे अ‍ॅलर्जीच्या पदार्थांत आहे, आणि कांदा-लसूण मसाला, चकली, दोन्हींत तीळ. लेबलवर ते स्पष्ट हवं. लोणच्याची प्रयोगशाळेत चाचणी करून घ्या. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी (पदार्थातलं जंतूंच्या वाढीला मिळणारं पाणी किती, त्याचं माप) ०.८५ च्या वर निघाली तर आम्लयुक्त पदार्थांची वेगळी नोंदणी मागे लागू शकते. आमचं लोणचं मीठ-तेलाचं, दाट, त्यामुळे त्यातून सुटलं. आयातशुल्काबद्दल इथे लिहीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत गेलं होतं, आणि दर बदलत राहतात.

वेळेचा भरवसा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रातले हल्ले टाळायला बहुतेक कंपन्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, तेव्हा वाटेचे दहा-बारा दिवस तरी वाढले. शिवाय कोलंबोला माल दुसऱ्या जहाजावर चढायचा असेल आणि ते चुकलं, तर बसा वाट बघत. सहा महिने टिकणारा पदार्थ दुकानात लागेपर्यंत तीन महिन्यांचाच उरला, तर दुकानदार तोंड वाकडं करतो. त्याचंही बरोबर आहे.

दुबईचं गणित मात्र सोपं. तिथल्या जेबेल अली बंदरात जहाज आठवड्याच्या आत पोचतं, १ मे २०२२ पासूनच्या भारत-यूएई व्यापार करारामुळे उगमाचा दाखला (माल भारतातलाच असल्याचा) जोडला की बऱ्याच मालाला शुल्काची सवलत मिळते. लेबलवर अरबी मजकूर लागतो आणि ते तिथल्या नगरपालिकेच्या यंत्रणेत आधी नोंदवावं लागतं, पण एकदा केलं की झालं. सध्या आमची वाटणी अशी: न्यू जर्सीला जहाजाने मसाला, हळद, लोणचं आणि पापड; भडंग आणि चकली जहाजाने फक्त दुबईला. न्यू जर्सीची चकली विमानाने जाते, महाग पडते, आणि तिकडचे लोक ती त्या भावातही घेतात.