पोस्टग्रेसचं पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स: रॅम वाढवायच्या आधी हे लावा

पोस्टग्रेस ह्या डेटाबेसच्या सर्व्हरची मेमरी सारखी भरत असेल ना, तर नवीन रॅमचं कोटेशन मागवायच्या आधी पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन चालू करून बघा, फुकट आहे, पोस्टग्रेससोबतच्या काँट्रिब ह्या जोड-पॅकेजमध्येच मिळतं. आम्ही नाशकात अंबडला कांदा व्यापाऱ्यांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. लासलगाव-पिंपळगावला आवक वाढली की संध्याकाळी सगळे एकदमच हिशोब पट्ट्या आणि उधारीचे रिपोर्ट काढायला बसतात, आणि नेमकी तेव्हाच मेमरी संपून लिनक्स पोस्टग्रेसची एखादी प्रोसेस मारून टाकायचं, मग सगळ्यांचीच कनेक्शनं तुटायची. होस्टिंगवाल्यांचं उत्तर एकच, मोठा प्लॅन घ्या.

ह्या एक्स्टेन्शनमुळे कुठली क्वेरी किती वेळा चालली, किती वेळ खाल्ला आणि मेमरीत न मावल्यामुळे डिस्कवर किती टेम्प (तात्पुरते) ब्लॉक लिहिले ते सगळं एका जागी दिसतं. टेम्प_ब्लक्स_रिटन (temp_blks_written) ह्या कॉलमवर उतरत्या क्रमाने लावलं की दोषी वरतीच. आमच्याकडे शेतकरीवार रिपोर्ट निघाला, वर्षभराच्या सगळ्या लिलावांचं सॉर्टिंग आधी आणि तारखेची गाळणी नंतर!

पण मेमरी किती खाल्ली हे ते थेट सांगत नाही, ही त्याची खरी उणीव. त्यासाठी तीच क्वेरी एक्सप्लेन ॲनालाइझ लावून चालवायची, म्हणजे ती आतून कशी चालली ते पायरी-पायरीने दिसतं. 'एक्स्टर्नल मर्ज' दिसलं म्हणजे सॉर्ट वर्क_मेममध्ये, म्हणजे अशा कामाला ठरवून दिलेल्या मेमरीत, मावला नाही, डिस्कवर गेला. हॅशच्या (टेबलं जोडताना मेमरीत बनणाऱ्या तक्त्याच्या) बॅचेस १ पेक्षा जास्त असतील तर तेच.

आणि इथंच बरेच जण वर्क_मेम सरसकट २५६ एमबी करून मोकळे होतात, कृपा करून हे करू नका. डीफॉल्ट ४ एमबी आहे ते उगाच नाही. ही मर्यादा कनेक्शनला नाही, अख्ख्या क्वेरीलाही नाही, प्रत्येक सॉर्टला वेगळी आहे, पॅरलल वर्करला परत वेगळी, आणि व्हर्जन १५ पासून हॅशला तर दुप्पट. तीन सॉर्टची क्वेरी ५० जणांनी एकदम काढली तर २५६ च्या हिशोबाने साडेसदतीस जीबीपर्यंत जाऊ शकतं. त्यापेक्षा सर्व्हरला कमीच ठेवा आणि त्या एका रिपोर्टच्या ट्रान्झॅक्शनमध्ये सेट लोकल कमांडने तेवढ्यापुरतं वाढवा. आम्ही बाजार समिती आणि तारखेवर इंडेक्स टाकला, गाळणी आधी आणली, तो मोठा सॉर्टच गेला. शिवाय एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये अंदाजे रो आणि खरे रो (ओळी) यांच्यात फार तफावत दिसली तर नुसतं ॲनालाइझ, म्हणजे टेबलची स्टॅटिस्टिक्स ताजी करणारी वेगळी कमांड, चालवा, सीझनमध्ये डेटा इतका भराभर येतो की स्टॅटिस्टिक्स मागे पडतात.

पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्सचा त्रास एवढाच की ते शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज ह्या सेटिंगमध्ये टाकून रीस्टार्ट लागतो, त्यामुळे रात्रीच करा. क्वेरीत दिलेली नावं, तारखा असल्या व्हॅल्यूजही गाळल्या जातात, कुठल्या व्यापाऱ्याच्या रिपोर्टने घोळ झाला ते ह्यात कळत नाही. चालू असलेलं एखादं कनेक्शन आत्ता मेमरी खातंय असं वाटलं तर व्हर्जन १४ पासून पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स हे फंक्शन आहे, त्याला त्या कनेक्शनचा पीआयडी (प्रोसेस नंबर) द्या, मेमरी कुठं अडकलीय ते सगळं लॉगमध्ये येतं.